गाव, संघ आणि खेळाडू : पश्चिम कॅनडातील कनिष्ठ आइस हॉकी संघांचा इतिहास

प्रस्तावना :

'हॉकी' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर मैदानी हॉकी, मेजर ध्यानचंद आणि ऑलिंपिकमधील सुवर्णपदके उभी राहतात. कॅनडात मात्र कोणतेही विशेषण न लावता हॉकी म्हटले की त्याचा अर्थ बर्फावर खेळली जाणारी हॉकी असाच होतो. पायांत लोखंडी पात्यांचे बूट, हातांत काठी आणि चेंडूऐवजी 'पक' नावाची कठीण रबरी चकती असे या खेळाचे स्वरूप आहे. वर्षातील पाच-सहा महिने हिमाच्छादित असणाऱ्या त्या देशात हा खेळ केवळ करमणूक राहिलेला नाही. तो लोकजीवनाचा भाग बनलेला आहे.

या खेळाचे व्यावसायिक रूप म्हणजे 'नॅशनल हॉकी लीग' (एनएचएल) जगप्रसिद्ध आहे. तथापि, तिच्या पायाशी असलेली कनिष्ठ संघांची व्यवस्था कॅनडाबाहेर फारशी परिचित नाही. क्रीडा, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि कामगार कायदा या सर्वच विद्याशाखांच्या दृष्टीने ही व्यवस्था अभ्यसनीय आहे. सोळा ते वीस वर्षे वयाचे खेळाडू घरापासून शेकडो किलोमीटर दूर एखाद्या लहान शहरात राहतात, तेथील शाळेत शिकतात आणि हजारो तिकीटधारक प्रेक्षकांसमोर खेळतात. त्यांना विद्यार्थी म्हणावे, हौशी खेळाडू म्हणावे की कामगार म्हणावे, हा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

प्रस्तुत लेखात 'वेस्टर्न हॉकी लीग' (डब्ल्यूएचएल) या प्रादेशिक लीगमधील संघांचा १९६६ पासूनचा इतिहास पुढील उद्दिष्टे समोर ठेवून मांडला आहे.

१) ही लीग कोणत्या परिस्थितीत उदयास आली हे पाहणे.
२) संघांची स्थलांतरे का घडली आणि कोणते संघ आपल्या गावी टिकून राहिले याचा शोध घेणे.
३) या व्यवस्थेत किशोरवयीन खेळाडूचे स्थान काय राहिले हे स्पष्ट करणे.

१. कनिष्ठ हॉकीची संकल्पना :

कॅनडात 'मेजर ज्युनियर' म्हणजे कनिष्ठ गटातील सर्वोच्च श्रेणी होय. या श्रेणीत तीन प्रादेशिक लीग आहेत : पश्चिमेकडील डब्ल्यूएचएल, ओंटारियोतील लीग आणि क्वेबेक व सागरी प्रांतांतील लीग. १९७५ पासून या तिन्ही लीग 'कॅनेडियन हॉकी लीग' (सीएचएल) या एकाच छत्राखाली आहेत. त्यांचे विजेते आणि यजमान संघ 'मेमोरियल चषका'साठी एकमेकांशी लढतात.

डब्ल्यूएचएलमधील प्रत्येक संघ नियमित हंगामात ६८ सामने खेळतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत हंगाम चालतो आणि त्यानंतर बाद फेरी होते. प्रवास प्रामुख्याने बसने होतो आणि बऱ्याच वेळा तो रात्रीचा व बर्फाळ रस्त्यांवरचा असतो. परगावच्या खेळाडूंची सोय स्थानिक कुटुंबांत केली जाते. 'बिलेट' कुटुंब म्हणून ओळखली जाणारी ही मंडळी मुलाला आपल्या घरात खोली देतात, जेवू घालतात आणि त्याच्या अभ्यासाकडेही लक्ष देतात. त्यामुळे संघाचा खेळाडू गावाला केवळ मैदानावर दिसत नाही. तो कोणाच्या तरी घरातला मुलगा म्हणून गावात वावरतो. संघ आणि गाव यांच्यातील भावनिक नात्याचे मूळ येथे आहे.

२. पूर्वपीठिका : चषक, प्रायोजक आणि करार

पश्चिमेतील कनिष्ठ हॉकीची परंपरा लीगपेक्षा बरीच जुनी आहे. सास्काचेवान प्रांताच्या राजधानीतील 'रेजायना पॅट्स' हा संघ १९१७ मध्ये स्थापन झाला. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या 'प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फंट्री' या पलटणीवरून त्याचे नाव ठेवण्यात आले. ओंटारियो हॉकी असोसिएशनने १९१९ मध्ये युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ मेमोरियल चषक प्रदान केला. त्याच्या पहिल्याच अंतिम लढतीत टोरांटो विद्यापीठाच्या शाळेच्या संघाने रेजायनाच्या संघाचा पराभव केला. अशा रीतीने कनिष्ठ हॉकीची सर्वोच्च स्पर्धा आरंभापासूनच पूर्व विरुद्ध पश्चिम अशा स्वरूपाची होती.

पुढे एनएचएलच्या व्यावसायिक संघांनी कनिष्ठ संघांना प्रायोजकत्व देण्यास प्रारंभ केला. सास्काचेवानमधील एस्टेव्हन येथील संघाला 'ब्रुइन्स' हे नाव बॉस्टनच्या संघावरून, तर वेबर्न येथील संघाला 'रेड विंग्ज' हे नाव डेट्रॉइटच्या संघावरून मिळाले. नावांमागे आर्थिक संबंधही होता. 'सी फॉर्म' नावाच्या कराराद्वारे व्यावसायिक संघ एखाद्या किशोराचे भावी हक्क स्वतःकडे राखून ठेवत असे. पुढे जगातील सर्वश्रेष्ठ बचावपटूंत गणला गेलेला बॉबी ऑर बॉस्टनशी करारबद्ध झाला, तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता. ज्या वयात मुलाला स्वतःच्या नावाने बँकेचे खातेही क्वचितच उघडता येते, त्या वयात त्याच्या पुढील कारकिर्दीचा निर्णय एका कागदावर होत असे.

एनएचएलने १९६३ मध्ये खेळाडूंच्या वार्षिक निवडीची म्हणजे 'ड्राफ्ट'ची पद्धत सुरू केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस थेट प्रायोजकत्व संपुष्टात आले. कनिष्ठ संघांसाठी हा दुहेरी बदल होता. त्यांना व्यावसायिक संघांच्या नियंत्रणातून मोकळीक मिळाली, परंतु त्याच वेळी पैशाचा एक खात्रीचा स्रोतही बंद झाला. आता संघाला आपल्या तिकिटांवर जगावे लागणार होते. पुढील साऱ्या घडामोडी समजून घेण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३. लीगची स्थापना : एक बंड

१९६६ मध्ये 'एडमंटन ऑइल किंग्ज' या संघाने मेमोरियल चषक जिंकला. अंतिम लढतीत त्यांनी ज्या ओशावा संघाला हरवले, त्यात उपरोक्त बॉबी ऑर खेळत होता. असे यश मिळूनही पश्चिमेतील संघचालक असमाधानी होते. प्रांतिक लीग आकाराने लहान असल्याने बलाढ्य संघांना वर्षभर तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळत नसत. एडमंटनचे बिल हंटर, एस्टेव्हनचे स्कॉटी मन्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रांतांच्या सीमा ओलांडणारी एकच मोठी लीग काढण्याचे ठरविले.

त्यानुसार १९६६ मध्ये 'कॅनेडियन मेजर ज्युनियर हॉकी लीग' या नावाने सात संघांची स्पर्धा सुरू झाली. एस्टेव्हन, मूस जॉ, रेजायना, सास्काटून व वेबर्न हे पाच संघ सास्काचेवानचे, तर एडमंटन व कॅल्गारी हे दोन आल्बर्टाचे होते. राष्ट्रीय नियामक संघटनेने या लीगला मान्यता दिली नाही. परिणामी पहिल्या हंगामात विजयी ठरलेल्या मूस जॉ कॅनक्स संघाला मेमोरियल चषकाच्या स्पर्धेत प्रवेश नव्हता.

१९६७ मध्ये ब्रँडन, फ्लिन फ्लॉन, स्विफ्ट करंट आणि विनिपेग हे संघ दाखल होऊन संख्या अकरावर गेली. १९६८ मध्ये लीगने राष्ट्रीय संघटनेशी पुन्हा फारकत घेतली, तेव्हा मान्यता गमावण्यास तयार नसलेले रेजायना, मूस जॉ व वेबर्न हे तीन संघ बाहेर पडून प्रांतिक लीगमध्ये गेले. अखेर १९७० मध्ये राष्ट्रीय संघटनेने कनिष्ठ गटाची दोन श्रेणींत विभागणी केली आणि पश्चिमेच्या लीगला वरच्या श्रेणीत स्थान मिळाले. रेजायना पॅट्स त्याच वर्षी परतले. मूस जॉ कॅनक्स आणि वेबर्न रेड विंग्ज मात्र वरच्या श्रेणीत पुन्हा आले नाहीत.

वरची श्रेणी मिळणे ही प्रतिष्ठेची बाब होती, तशीच ती खर्चाचीही होती. मोठे रिंक, लांबचे प्रवास आणि अधिक तिकीटविक्री यांची गरज वाढली. दहा-बारा हजार वस्तीच्या शहरांना हा भार पेलणे कठीण होते. बंडाचे नेतृत्व करणाऱ्या गावांनाच बंडाच्या यशाची किंमत मोजावी लागली, ही या इतिहासातील मोठी विसंगती होय.

४. स्थलांतरांचा इतिहास :

उत्तर अमेरिकी क्रीडाव्यवस्थेत संघाला दोन अस्तित्वे असतात. लोकांच्या लेखी तो गावाचा संघ असतो. कायद्याच्या लेखी मात्र तो लीगमध्ये खेळण्याचा एक परवाना असतो, जो विकता येतो आणि दुसरीकडे नेताही येतो. या दोन अस्तित्वांतील संघर्ष पुढील चार उदाहरणांतून स्पष्ट होतो.

(अ) एस्टेव्हन : संस्थापक संघांपैकी एक असलेल्या एस्टेव्हन ब्रुइन्सने १९६८ मध्ये लीगचे विजेतेपद मिळविले. तीनच वर्षांनी, १९७१ मध्ये हा संघ व्हँकूव्हरजवळील न्यू वेस्टमिन्स्टर येथे गेला. तेथे त्याने १९७५ ते १९७८ अशी सलग चार विजेतेपदे आणि १९७७ व १९७८ चे मेमोरियल चषक पटकावले. १९८१ मध्ये तोच परवाना कॅमलूप्स येथे गेला. एस्टेव्हनमध्ये त्याच नावाचा नवा संघ उभा राहिला, परंतु तो दुसऱ्या श्रेणीच्या प्रांतिक लीगमध्ये.

(आ) फ्लिन फ्लॉन : मॅनिटोबा व सास्काचेवान यांच्या सीमेवरील हे खाणकाम करणाऱ्यांचे गाव होय. येथील 'बॉम्बर्स' संघाने १९५७ मध्येच मेमोरियल चषक जिंकला होता. बॉबी क्लार्क आणि रेगी लीच यांच्यासारखे खेळाडू येथूनच पुढे आले. क्लार्कला मधुमेह असल्याने १९६९ च्या ड्राफ्टमध्ये अनेक संघांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले आणि त्याची निवड सतराव्या क्रमांकावर झाली. त्याच क्लार्कच्या कर्णधारपदाखाली फिलाडेल्फियाने १९७४ व १९७५ मध्ये स्टॅनले चषक जिंकला. बॉम्बर्स १९६९ व १९७० मध्ये लीगचे विजेते होते, परंतु राष्ट्रीय संघटनेशी असलेल्या वादामुळे त्यांना मेमोरियल चषकासाठी खेळता आले नाही. १९७८ मध्ये संघ एडमंटनला गेला. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेतील मोंटाना राज्यात ग्रेट फॉल्स येथे गेला आणि तेथे हंगामाच्या मध्यावरच त्याचा खेळ थांबला. बॉम्बर्स हे नाव मात्र गावाने सोडले नाही. प्रांतिक लीगमध्ये त्या नावाचा संघ टिकून राहिला.

(इ) एडमंटन : केवळ लहान गावांनीच संघ गमावले असे नाही. ज्या बिल हंटर यांनी कनिष्ठ लीग उभारण्यात पुढाकार घेतला, त्यांनीच १९७१ मध्ये 'वर्ल्ड हॉकी असोसिएशन' या नव्या व्यावसायिक लीगच्या स्थापनेत भाग घेतला आणि एडमंटनला व्यावसायिक संघ मिळवून दिला. शहरात मोठ्यांची हॉकी आल्यावर मुलांच्या हॉकीकडे प्रेक्षकांची पाठ फिरली. १९७६ मध्ये ऑइल किंग्ज अमेरिकेतील पोर्टलंड येथे गेले. हा लीगमधील पहिला अमेरिकी संघ होय. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये लीगच्या नावातून 'कॅनडा' हा शब्द गळाला आणि 'वेस्टर्न हॉकी लीग' हे नाव रूढ झाले. १९८३ मध्ये यजमान म्हणून खेळणाऱ्या पोर्टलंडने मेमोरियल चषक जिंकला. हा मान मिळविणारा तो पहिला अमेरिकी संघ ठरला.

(ई) कूटनी : अलीकडील काळातील हे बोलके उदाहरण होय. १९९६ मध्ये एडमंटन येथे 'आइस' नावाचा संघ सुरू झाला. त्याचे संस्थापक एड चिनोवेथ यांनी यापूर्वी दीर्घकाळ लीगचे अध्यक्षपद सांभाळले होते. १९९८ मध्ये हा संघ ब्रिटिश कोलंबियातील क्रॅनब्रुक या सुमारे वीस हजार वस्तीच्या शहरात 'कूटनी आइस' या नावाने आला आणि २००२ मध्ये त्याने मेमोरियल चषक जिंकला. पुढे प्रेक्षकसंख्या घटली, मालकी बदलली आणि २०१९ मध्ये संघ विनिपेगला गेला. तेथे तो विद्यापीठाच्या लहानशा रिंकवर खेळत राहिला, कारण नियोजित मोठे रिंक उभे राहिले नाही. २०२२-२३ च्या नियमित हंगामात तो अव्वल ठरला आणि बाद फेरीच्या अंतिम लढतीपर्यंतही पोहोचला. तरीही त्याच वर्षी तो विकला जाऊन अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील वेनॅची येथे गेला. सत्तावीस वर्षांत चार शहरे! मैदानावरील यश संघाला गावात टिकवून ठेवण्यास पुरेसे नसते, हे यातून सिद्ध होते.

५. टिकून राहिलेले संघ आणि लोकमालकी :

मग जे संघ टिकले, ते कशामुळे? सास्काटून ब्लेड्स हा स्थापनेपासून प्रत्येक हंगामात खेळलेला एकमेव संस्थापक संघ होय. आश्चर्याची बाब अशी की, २०२५ पर्यंत त्याला एकदाही लीगचे विजेतेपद मिळालेले नाही. शहराचा आकार हे येथील स्थैर्याचे सोपे स्पष्टीकरण आहे. परंतु ते सर्वत्र लागू पडत नाही.

लीगमधील स्विफ्ट करंट, मूस जॉ, प्रिन्स अल्बर्ट आणि लेथब्रिज हे चार संघ लोकमालकीचे आहेत. येथे संघ एका व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या खिशात नसतो. निवडून दिलेले संचालक मंडळ त्याचा कारभार पाहते आणि वार्षिक सभेत जमाखर्च मांडते. तोटा झाला तर तो गावासमोर येतो आणि त्यावर उपाय शोधण्याची जबाबदारीही गावावरच येते. या चारपैकी तीन शहरे सास्काचेवानमधील आहेत. गव्हाच्या उत्पादकांची सहकारी चळवळ ज्या प्रांतात रुजली, तेथे ही पद्धत टिकावी हे स्वाभाविक म्हणता येईल.

स्विफ्ट करंटचा इतिहास या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. येथील 'ब्रॉन्कोज' संघ १९७४ मध्ये लेथब्रिजला गेला. बारा वर्षांनी, १९८६ मध्ये गावातील मंडळींनी पुढाकार घेऊन तो परत आणला. लीगच्या इतिहासात गेलेला संघ असा मूळ गावी परत येणे दुर्मीळ होय. परंतु परतल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, ३० डिसेंबर १९८६ रोजी रेजायनाला सामन्यासाठी निघालेल्या संघाच्या बसला बर्फाळ रस्त्यावर अपघात होऊन चार खेळाडूंचा मृत्यू झाला. संघाने हंगाम अर्ध्यावर सोडला नाही. १९८९ मध्ये सास्काटून येथे यजमान संघाला जादा वेळेत हरवून ब्रॉन्कोजने मेमोरियल चषक जिंकला. लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिला जाणारा करंडक त्या चार मुलांच्या स्मरणार्थ आहे.

ही कथा येथेच संपली असती, तर ती गावाच्या जिद्दीची गौरवगाथा ठरली असती. तसे झाले नाही. या संघाचे तत्कालीन प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स यांना आपल्या खेळाडूंच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९७ मध्ये साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्या संघातील शेल्डन केनेडी यांनी स्वतःचे नाव उघड करून हे सत्य समाजासमोर आणले आणि पुढील आयुष्य बालसंरक्षणाच्या कार्याला वाहिले. विजयाचे स्वागत ज्या गावाने केले, त्याच गावात हे घडत होते. घरापासून दूर राहणारा, संघातील स्थानासाठी प्रशिक्षकावर सर्वस्वी अवलंबून असणारा किशोर किती असुरक्षित असतो, हे त्यातून प्रकर्षाने दिसले. संघ गावाच्या मालकीचा असला म्हणजे खेळाडू आपोआप सुरक्षित होतो, असे मानता येत नाही.

लोकमालकीच्या क्रीडाविषयक यशाचा दाखला कॅमलूप्सने दिला. १९८१ मध्ये आलेला संघ १९८४ मध्ये स्थानिक लोकांच्या मालकीचा झाला व 'ब्लेझर्स' हे नाव त्याला मिळाले. लोकमालकीच्या काळातच त्याने १९९२, १९९४ व १९९५ असे तीन मेमोरियल चषक जिंकले. मात्र २००७ मध्ये तो खासगी मालकांना विकण्यात आला. लोकमालकी ही कायमची हमी नसून ती प्रत्येक पिढीने पुन्हा स्वीकारावयाची जबाबदारी असते, असे यावरून म्हणता येईल. याउलट मेडिसिन हॅट आणि ब्रँडन येथील संघ खासगी मालकीचे असूनही दशकानुदशके एकाच जागी राहिले. मालकाची नाळ गावाशी जुळलेली असेल तर खासगी मालकीतही स्थैर्य शक्य आहे. फरक इतकाच की, तेथे निर्णय एका व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून असतो.

मोठ्या शहरांत आणखी एक प्रवाह दिसतो. कॅल्गारी हिटमेन हा संघ १९९७ पासून एनएचएलमधील कॅल्गारी फ्लेम्सच्या, तर २००७ मध्ये सुरू झालेला आजचा एडमंटन ऑइल किंग्ज हा संघ एडमंटन ऑइलर्सच्या मालकीचा आहे. १९६० च्या दशकात संपलेले व्यावसायिक संघांचे नियंत्रण येथे मालकीच्या रूपाने परतले आहे. करार मात्र आता किशोराच्या भवितव्यावर नसून शहरातील प्रेक्षकांवर आहे.

६. खेळाडूचे स्थान : विद्यार्थी की कामगार?

प्रायोजकत्व व 'सी फॉर्म' गेले, तरी किशोरावरील हक्काची कल्पना गेली नाही. १९९० पासून लीगने स्वतःची निवडपद्धती सुरू केली, ज्यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे हक्क संघांमध्ये वाटले जातात. कोणत्या गावी जायचे हे मूल किंवा त्याचे पालक ठरवीत नाहीत. पुढे एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे त्याची अदलाबदलही होऊ शकते आणि त्याबरोबर शाळा, घर व मित्र बदलतात. नियमित खेळण्याची किमान वयोमर्यादा सोळा आहे. विशेष गुणवत्तेमुळे पंधराव्या वर्षीच पूर्ण हंगामाची परवानगी मिळालेला लीगमधील पहिला खेळाडू म्हणजे रेजायना पॅट्सचा कॉनर बेडार्ड. २०२३ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये तो प्रथम क्रमांकावर निवडला गेला. परंतु अशी उदाहरणे अपवादात्मक आहेत. बहुसंख्य खेळाडूंना एनएचएलचे दार उघडत नाही. विसाव्या वर्षी त्यांचा कनिष्ठ गटातील काळ संपतो आणि पुढे काय, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाला लीगने १९९३ मध्ये शिष्यवृत्तीच्या रूपाने उत्तर दिले. लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाचे महाविद्यालयीन शिक्षणशुल्क व पुस्तकांचा खर्च देण्याची ही योजना आहे. शिक्षणाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह पाऊल होते. मात्र तिची उपयुक्तता एका दुसऱ्या नियमामुळे मर्यादित झाली. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संस्था 'एनसीएए' कनिष्ठ लीगमधील खेळाडूंना व्यावसायिक मानीत असे. त्यामुळे सोळाव्या वर्षी डब्ल्यूएचएलचा स्वीकार करणाऱ्या मुलाला अमेरिकी महाविद्यालयीन हॉकीचा मार्ग बंद होत असे. हा नियम बदलण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला आणि ऑगस्ट २०२५ पासून तो अमलात आला.

येथे एक विलक्षण विरोधाभास दिसतो. एनसीएए ज्या खेळाडूला व्यावसायिक म्हणून नाकारत होती, त्यालाच कॅनडातील लीग हौशी 'विद्यार्थी-खेळाडू' म्हणून किमान वेतन नाकारत होती. निवास, भोजन, साहित्य आणि अल्प भत्ता हाच त्याचा मोबदला होता. २०१४ मध्ये माजी खेळाडूंच्या वतीने किमान वेतनाची मागणी करणारा सामूहिक दावा न्यायालयात दाखल झाला. वेतन द्यावे लागल्यास लहान शहरांतील संघ बंद पडतील, अशी लीगची भूमिका होती. वॉशिंग्टन राज्याने २०१५ मध्ये व ब्रिटिश कोलंबियाने २०१६ मध्ये कनिष्ठ हॉकीपटूंना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळले. २०२० मध्ये सीएचएल व दावेकरी यांच्यात तीन कोटी कॅनेडियन डॉलरच्या तडजोडीची घोषणा झाली.

लीगचा युक्तिवाद निराधार नव्हता. तोट्याच्या काठावर चालणारा लोकमालकीचा संघ अतिरिक्त खर्च सहज पेलू शकत नाही, हे खरे आहे. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा होतो की, गावाचा संघ टिकविण्याच्या खर्चातील एक वाटा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आपल्या श्रमातून उचलत असतो. या वाट्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

७. निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लीगचा भौगोलिक मध्य सास्काचेवानच्या गवताळ प्रदेशातून सरकला आहे. १९६६ मध्ये सातपैकी पाच संघ या प्रांताचे होते. २०२५-२६ च्या हंगामात पेंटिक्टनच्या समावेशानंतर झालेल्या २३ संघांतही ते पाचच आहेत. याच हंगामात ब्रिटिश कोलंबियाचे व अमेरिकेचे प्रत्येकी सहा संघ आहेत, तर मॅनिटोबात केवळ ब्रँडन उरला आहे.

२) संघाचे स्थैर्य मैदानावरील यशापेक्षा मालकीच्या स्वरूपावर व मालकाच्या गावाशी असलेल्या संबंधावर अधिक अवलंबून राहिले. विजेते संघ गावे सोडून गेले, तर कधीही न जिंकलेला संघ जागीच राहिला.

३) लोकमालकी हे लहान शहरांसाठी बाजारव्यवस्थेविरुद्धचे एक परिणामकारक संरक्षण ठरले. तथापि, तिने खेळाडूच्या सुरक्षिततेचा व मोबदल्याचा प्रश्न स्वतःहून सोडविला नाही.

४) १९६० च्या दशकातील 'सी फॉर्म' पासून आजच्या निवडपद्धतीपर्यंत, किशोराच्या भवितव्याविषयीचा निर्णय प्रामुख्याने इतरांच्या हाती राहिला. शिष्यवृत्ती व २०२५ पासूनचा एनसीएएचा नवा नियम यांमुळे त्याच्या हाती प्रथमच काही प्रमाणात पर्याय आले आहेत.

समारोप :

मूस जॉ येथील 'वॉरियर्स' संघ १९८४ मध्ये विनिपेगहून स्थलांतरित होऊन आला. म्हणजे एका शहराने गमावलेला संघ दुसऱ्या शहराने जोपासला. या लोकमालकीच्या संघाने २०२४ मध्ये प्रथमच लीगचे विजेतेपद पटकावले. त्यापूर्वी त्या गावी हे विजेतेपद आले होते ते १९६७ मध्ये, लीगच्या अगदी पहिल्या हंगामात. सत्तावन्न वर्षांनंतर गावाला मिळालेल्या या आनंदाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो आनंद ज्यांनी मिळवून दिला, त्यांच्यापैकी बहुतेकांचे कनिष्ठ गटातील खेळणे दोन-तीन वर्षांत संपणार असते आणि त्यांना नव्या वाटा शोधाव्या लागणार असतात. गावाकडे संघ राहतो, खेळाडू पुढे जातो. जाताना त्याच्या हाती शिक्षण, आरोग्य आणि आत्मसन्मान किती उरतो, यावरून या लीगचे मूल्यमापन व्हावयास हवे. आजवरच्या इतिहासात जिंकलेल्या चषकांची मोजदाद काटेकोरपणे झाली आहे. ही दुसरी मोजदाद मात्र अद्याप व्हावयाची आहे.